आमच्या सोसायटीतल्या सिस्टरमावशींना

प्रिय सिस्टरमावशी,
सादर नमस्कार.

लेकीची हृदयाच्या डॉक्टरांकडची पहिली तपासणी नीट पार पडली. तुमचे आभार घरी येऊन मानले असतेच, पण हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते वयात आलेली मुलं असलेल्या प्रत्येक घरी कळायला हवं.

खो-खोच्या सरावात पळताना तिला धडधडायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. फॅमिली डॉक्टरांना स्टेथोस्कोपमध्ये मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांबरोबरचा जादा आवाज, ऐकू आला. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि कार्डिओलॉजिस्टच्या नावे चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी वाचून आमच्या सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले, मी रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसले, आणि जिची तपासणी होती ती पोर एकदम गप्प झाली.

तुम्ही वर आलात आणि माझ्याशी न बोलता आधी तिच्याशी बोललात. पळताना होतं की थांबल्यावर? एकदम सुरू होतं की हळूहळू वाढतं? कधी शुद्ध हरपली होती का? उत्तरं तिच्याच शब्दांत वहीत लिहायला लावलीत. शाळेत प्रार्थनेला ताटकळत उभं राहून चक्कर येणं वेगळं आणि ऐन धावताना येणं वेगळं, दुसऱ्या प्रकारात हृदय तपासायलाच हवं, हे तिला न घाबरवता समजावलंत. मनगटावरची नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची, हेही शिकवलंत.

आम्हालाही गृहपाठ दिलात. दोन्हीकडच्या घराण्यांत पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलं आहे का, लहानपणी घसा दुखून नंतर तिचे सांधे सुजले होते का, ते विचारून ठेवा म्हणालात. आमच्याकडे एका काकांबद्दल ‘झोपेतच गेले’ यापलीकडे कुणी बोलायचं नाही. यांनी गावी फोन करून त्यांचं वय, आधीचा त्रास, सगळं विचारून घेतलं.

पण मावशी, खरे उपकार पुढचेच. ‘कपडे काढावे लागतील का?’ हा प्रश्न तिच्या मनात होता आणि तो तिने मलासुद्धा विचारला नव्हता. तुम्ही तो तिच्या चेहऱ्यावर वाचलात. ईसीजीला छातीवर सहा आणि हातापायांना चार इलेक्ट्रोड लावतात, म्हणून पुढून बटणं असलेला शर्ट घाल, अंगाला तेल-लोशन लावू नकोस. अंगात करंट सोडत नाहीत, हृदयाचेच ठोके कागदावर उमटतात, काही मिनिटांत होतं. टूडी इको म्हणजे सोनोग्राफीच, डाव्या कुशीवर झोपायचं, जेल गार लागेल, बरगड्यांमध्ये जरा दाबतील. मध्येच मशीनमधून ‘हूश हूश’ आवाज येईल, तो तुझ्याच रक्ताच्या प्रवाहाचा. अंगावर चादर माग, आई जवळ बसू दे म्हण, तो तुझा हक्क आहे. तपासायला बाई असतील का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारायला तुम्ही मला सांगितलंत. डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलायचं म्हणाले तर तोंड न पाडता बाहेर जायचं, हेही बजावलंत.

नौपाड्यातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी सवयीने माझ्याकडे पाहून विचारलं, ‘काय होतंय हिला?’ मी तोंड उघडायच्या आत तिने वही काढली आणि स्वतः सांगायला लागली. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. पाळीत रक्तस्राव जास्त होतो, हेही तिनेच सांगितलं. इको करताना तो आवाज सुरू झाला तशी माझा हात दाबून हळूच म्हणाली, ‘आई, मावशींनी सांगितलेला.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

झडपा, स्नायू, ठोक्यांची लय, सगळं व्यवस्थित आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.१ निघालं, या वयाच्या मुलीचं निदान १२ तरी हवं. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त जोराने पंप करावं लागतं, धडधड त्यामुळेच आणि तो मर्मरही त्यामुळेच, असं डॉक्टरांनी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात, लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा त्यावेळी बंद. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवतोय. हिमोग्लोबिन वर आलं की पुन्हा मैदान.

तिच्या टीममधल्या आणखी दोघींना पळताना अशीच अंधारी येते म्हणे. त्यांच्या मॅडमनी विचारलंय, एका शनिवारी शाळेत येऊन मुलींशी बोलाल का? तुमच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत हे ठाऊक आहे, वर्ग तळमजल्यावरच आहे आणि रिक्षाने न्यायला-आणायला मी येईन. सासूबाईंनी अळिवाचे लाडू केलेत, तुमचा डबा वेगळा काढलाय. उद्या ती स्वतः घेऊन येईल, तेव्हा तिलाच वार सांगा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची