खाचेवर चिकटपट्टी लावणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

काल बाबांच्या पंप केसिंगची ड्रॉइंग स्क्रीनवर उघडली आणि घरात कुणाला बोलणंच सुचेना. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमक्ष लिहितोय.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमची फौंड्री. बाबांनी डॉस या जुन्या कॉम्प्युटर प्रणालीवर काढलेली पॅटर्नची, म्हणजे साचा करायच्या नमुन्यांची, ड्रॉइंग सव्वापाच इंची फ्लॉप्यांत अडकून पडली होती. बाजारातले यूएसबी ड्राइव्ह साडेतीन इंचीचे, त्यांचा काय उपयोग? "भंगारात घाला" असं किती जणांनी ऐकवलं! एका दुकानात जुना ड्राइव्ह निघाला, तर तिथल्या माणसानं बुरशी आलेली डिस्क न बघताच आत सारली. 'फॉर्मॅट करायची का?', म्हणजे सगळं पुसायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारल्यावर त्याचं बोट 'हो'कडे निघालं. मी हात धरला म्हणून वाचलं. तो राग अजून गेलेला नाही.

आणि तुम्ही! राजारामपुरीत तुमच्या टेबलावर फ्लॉप्या ठेवल्या, तरी ड्राइव्हला हात लावला नाहीत. आधी एकेकीच्या कडेच्या खाचेवर काळी चिकटपट्टी लावलीत. "आता चुकूनसुद्धा यावर काही लिहिलं जाणार नाही," हे म्हणालात ते माझ्याकडे नव्हे, बाबांकडे बघून. बाबांचे आवळलेले हात तेव्हा सुटले. मग मधल्या भोकात बोट घालून डिस्क जराजराशी फिरवत, खिडकीतून दिसणारी बुरशी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं टिपत बसलात. चहा तसाच गार झाला.

जुने फ्लॉपी ड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडणाऱ्या तुमच्या इंटरफेस बोर्डचं कौतुक जाणकार करतीलच. सव्वापाच, साडेतीन, अगदी 50 पिनांच्या आठ इंची ड्राइव्हलाही एकच बोर्ड. ते ड्राइव्हकडे फाइल मागतच नाही. डिस्कवरच्या ट्रॅकवर, म्हणजे गोल पट्ट्यावर, चुंबकत्व एकदा पलटल्यापासून पुन्हा पलटेपर्यंत किती मायक्रोसेकंद गेले, तेवढं टिपून घेतं. अर्थ नंतर लावायचा. म्हणून आयबीएम कॉम्प्युटरची डिस्क काय नि कमोडोर कॉम्प्युटरची काय, त्याला सारखीच. ड्राइव्ह मिनिटाला 300 ऐवजी 360 फेरे मारणारा असला तरी हिशेब जुळतो.

पण आमचा जीव भांड्यात पडला तो त्या चिकटपट्टीनं. शेजारच्या शेडमधला जॉब अडला तर स्वतःचं मशीन थांबवून मदतीला जाणारी माणसं बाबांनी उद्यमनगरात पाहिलीत. तुम्ही त्यांच्यातले, असं ते परत येताना म्हणाले. एका फ्लॉपीवरचे काही ट्रॅक गेलेत, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. ते ड्रॉइंग बाबा आता हातानं पुरं करताहेत.

पैशाचं नाव काढू दिलं नाहीत. मग एवढं तरी ऐका: तुमचं बोर्ड टेबलावर उघडंच असतं. त्याला ॲल्युमिनियमची पेटी आम्ही ओतून देतो. कनेक्टरची मापं तेवढी पाठवा, पॅटर्न बाबा स्वतः करणार आहेत.