शेवटून पहिलीचे राउंड मोजणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

परवा तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत होते. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं यथासांग झालं. प्राचार्यांनी पदकांची यादी वाचली, पाहुण्यांनी तीच यादी पुन्हा वाचली आणि मग 'वेळेअभावी' विद्यार्थ्यांची मनोगतं रद्द झाली. मला बोलायचं होतं, चिठ्ठीवर नावही दिलं होतं. तेव्हापासून घशाशी अडकून बसलंय ते, म्हणून आता सगळ्यांच्या देखत लिहितेय. तुम्हाला हे असलं आवडत नाही हे ठाऊक आहे. तरी लिहिणार.

त्या यादीत माझं नाव नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. बी.ए.ची सगळी वर्षं मी तुमच्या हाताखाली क्रॉसकंट्री पळाले, ट्रॅकवर पाच हजार आणि दहा हजार पळाले, आणि पदक म्हणावं असं कॉलेजला काही आणून दिलं नाही. यादी वाचणाऱ्यांच्या हिशेबात मी नाहीच. म्हणूनच माझं सांगणं त्यांच्यापेक्षा वेगळं आहे.

तुमच्याकडे येण्याआधी, अकरावी-बारावीला मी जिथे पळत होते त्या जागेचं नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तिथे दर सोमवारी मैदानावर वजनकाटा यायचा. मुलं बाजूला स्ट्रेचिंग करत उभी, आणि आम्हा मुलींची वजनं मोठ्याने पुकारली जायची. जिचं अर्धा किलो वाढलं तिला 'घरी लग्न होतं काय गं?' असं विचारायचं, की पोरं हसायची. माझी पाळी बंद झाली तेव्हा 'बरंच झालं, आता प्रॅक्टिस बुडणार नाही' हे उत्तर मिळालं. नडगी दुखायला लागली, तर नाटकं करते म्हणाले. एक्स-रे काढला तो शेवटी वडिलांनी, ऊसबिलाच्या पैशातून. हाडाला चीर होती. त्या सरांच्या यादीतही पदकं आहेत बरं का.

पुढे 2019 साली अमेरिकेतली धावपटू मेरी केन हिची कहाणी सगळीकडे फिरली. सतरा वर्षांची असताना ही मुलगी 1500 मीटरच्या जागतिक फायनलमध्ये पळालेली. तिलाही चारचौघांत वजनावरून बोललं जायचं, तीन वर्षं पाळी नाही, पाच हाडं मोडली. जगातल्या सगळ्यात पैसेवाल्या ट्रेनिंग ग्रुपमधली तऱ्हा ही. ते वाचलं तेव्हा वाटलं, काटा तिकडेही आमच्यासारखाच मैदानाच्या मध्ये ठेवत असतील.

तुम्ही पहिल्या दिवशी टायमिंग विचारलंच नाही. 'सकाळी काय खाऊन आलीस?' 'चहा.' 'आणि?' 'चहाच.' तुम्ही वहीत काहीतरी लिहिलं आणि मला पळूच दिलं नाही, सिव्हिलला रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन नऊच्या खाली. बाईचं निदान बारा हवं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मग तुमचे ते प्रसिद्ध नियम सुरू झाले. जेवणाबरोबर चहा बंद, तासाभराने प्या. भाजीवर लिंबू पिळा. खिशात गूळ-शेंगदाणे. सोपा दिवस म्हणजे सोपाच, पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत. जिला धाप लागते तिने चालायचं. यवतेश्वरच्या घाटात आम्ही पोरी अख्ख्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत चढायचो आणि तुम्ही सायकलवरून मागे, काही ऐकू येत नसल्याचा चेहरा करून.

मुलींच्या खोलीतलं ते रजिस्टरही आठवतंय. नाव, तारीख, झोप, दुखणं, आणि शेवटी एक रकाना, ज्याला मथळाच नव्हता. पहिल्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणालात, 'तो तुमचा तुम्ही भरायचा, टिंब दिलं तरी चालेल.' साताऱ्याच्या आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या आम्ही, आईशीसुद्धा पाळीबद्दल नीट बोलत नव्हतो. पण टिंब द्यायला कसली आलीय लाज? दोन महिने टिंब दिसलं नाही की सराव निम्मा व्हायचा आणि डब्यात एक भाकरी वाढवायचा निरोप यायचा. कुणालाच काही बोलावं लागलं नाही. 

पावसाने मैदानाचा चिखल झाला की जिमखान्यात बसवून तुम्ही आम्हाला इतिहास सांगायचा. 1928 ला ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये बायका 800 मीटर पळाल्या, शेवटी दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून ती शर्यतच काढून टाकली ती थेट 1960 पर्यंत. दहा हजार मीटर तर 1988 ला, सोलला. म्हणजे माझी आई शाळेत होती तोवर जगातल्या कुठल्याच बाईला ऑलिम्पिकमध्ये पंचवीस राउंड मारायची मुभा नव्हती! क्रॉसकंट्रीच्या जागतिक स्पर्धेत 2017 ला कंपालात अंतर सारखं होईपर्यंत पुरुषांना बारा किलोमीटर आणि बायकांना आठ. तुम्ही फळ्यावर दोन्ही आकडे लिहून म्हणायचा, 'हे चार किलोमीटर कुणी खाल्ले?'

ललिता बाबरची गोष्टही तुमच्याकडे वेगळी होती. आमच्या जिल्ह्यात प्रत्येक कोच पोरींना 'ललिता बघ, ललिता बघ' करून सोडतो. तुम्ही विचारलंत, मोहीची ही पोरगी 2016 ला रिओत स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला कितवी आली? कुणालाच आठवेना. दहावी. 'दहाव्या नंबरसाठी आपण फटाके वाजवले, आणि बरोबर वाजवले,' असं म्हणून तुम्ही खडू खाली ठेवलात.

आता मूळ मुद्दा. ही गोष्ट तुम्हाला आठवत असेल की नाही, शंकाच आहे.

विद्यापीठाची इंटरझोनल, म्हणजे विभागाविभागांतली स्पर्धा. दहा हजार खरं तर उजाडताच लावतात, पण पंचांचा नाश्ता लांबला आणि ऊन चांगलंच चढलं. पहिल्यापासून जोरात सुटायची सवय मला जुन्या ठिकाणी लागलेली, ती अजून सुटली नव्हती. निम्म्यात माझे पाय संपले. पहिल्या आल्या, दुसऱ्या आल्या, जर्किन घालून, केळी खाऊन मंडपात बसल्या, आणि मी एकटी फक्कीच्या पट्ट्यांमधून गोल गोल फिरतेय. राउंड मोजणाऱ्या बाईंनी कागद गुंडाळून पर्समध्ये टाकला. माईकवरून 'ट्रॅकवरील खेळाडूने कृपया बाहेर यावे, रिले घ्यायची आहे' असा पुकारा झाला. दोन-तीन जण हसले. मी खरंच बाहेर पडणार होते.

तुम्ही समोरच्या वळणाला, दोनशेच्या खुणेपाशी उभे. डोक्यावर रुमाल, एका हातात ते जुनं स्टॉपवॉच, दुसऱ्यात पेन. 'पळ, पळ' असं काही ओरडत नव्हता. मी आले की फक्त त्या राउंडची वेळ, मिनिट-सेकंदांत. 'दोन-चार. खांदे सोड.' पुढच्या वेळी, 'दोन-तीन. अजून पाच.' एक पंच तरातरा तुमच्याकडे आले आणि म्हणाले, 'सर, बसवा की तिला आता, हिचा काय नंबर येणाराय?' मी तुमच्या अगदी बाजूने जात होते, म्हणून ऐकलं. घड्याळावरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, 'तिचे राउंड चालू आहेत.'

रिले थांबली. माझे राउंड पुरे झाले.

नंतर मला वाटलं होतं तुम्ही पाठ थोपटाल, 'हार-जीत चालायचीच' म्हणाल. तेही बरंच वाटलं असतं. तुम्ही स्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू माझ्या हातात दिलीत. तिथे पंचवीस आकडे, एकाखाली एक. पहिल्या चारांना कंस आणि बाजूला तुमचं ते मुंगीच्या पायांचं अक्षर: 'हे चार चुकले. बाकी एकवीस बरोबर. पुढच्या वेळी पहिला 1:58.' शेवटच्या राउंडसमोर नुसतं '1:51' आणि खाली एक रेघ.

सर, पहिल्या आलेल्या मुलीला तुम्ही जसं समजावून सांगितलं असतं, तसंच मला सांगितलंत. माझं पळणं दुरुस्त करण्याच्या लायकीचं आहे, असं तोवर कुणालाही वाटलं नव्हतं. आधीच्या ठिकाणी जिंकणारीला कोच होता, बाकीच्यांना शिट्टी.

तो कागद सर्टिफिकेटांच्या फायलीत प्लॅस्टिकमध्ये आहे. तासिका तत्त्वावरच्या नोकरीच्या मुलाखतीला कागदपत्रं तपासणाऱ्या बाईंनी तो उलटसुलट करून 'हे कशाचं?' विचारलं. म्हटलं, राहू द्या, ते जोडायचं नाहीये.

चांगुलपणाचं कौतुक करताना लोक फार मोठमोठं बोलतात. मला तर बारीकसारीक माणसंच आठवतात. त्याच दिवशी दुसऱ्या कॉलेजच्या एका मॅडम पाण्याची बाटली घेऊन वळणावर उभ्या होत्या, स्वतःच्या मुलींची शर्यत कधीच संपली असताना. मैदानावरच्या मामांनी पहिला पट्टा पुसट झालेला बघून मधेच वाकून मूठभर फक्की टाकली, मी एकटीच पळत असताना! अशांचा सत्कार होत नाही, आणि झाला तर पहिली तीच पळून जातील. हे लोक शिबिरात घडत नसणार, घरूनच तसे येत असणार. वजनकाटेवाल्यांनाही कुणीतरी घडवलंच असेल म्हणा. तो विषय नको.

आता माझ्याकडे कॉलेजच्या नऊ मुली आहेत. दोघी बऱ्यापैकी पळतात, चौघींना पोलीस भरतीचे 800 मीटर काढायचेत, उरलेल्या का येतात ते त्यांनाही माहीत नाही, पण येतात. सगळ्यांचे राउंड लिहिते. रजिस्टरला शेवटचा रकाना आहे. क्रीडा विभागाने 'मथळा राहिलाय' असा शेरा मारून ते परत पाठवलं होतं. मी तसंच पुन्हा पाठवलं.

पावसाळा ओसरला की झोनल क्रॉसकंट्री आहे. तुम्ही यायचं. भाषण नाही, शाल नाही, वळणावर उभं राहायचं. डबा मी आणते, चहा मात्र जेवणानंतर तासाने मिळेल.

तुमची,
यादीत नसलेली एक विद्यार्थिनी