सासूबाईंच्या विसराळूपणावर व्हिटॅमिन सीची गोळी?

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

विहीणबाईंना रोज हजार मिलिग्रॅमची व्हिटॅमिन सीची गोळी सुरू करू का, असं विचारलंस. नको. पेरू आणि आवळा मात्र नेमाने पोटात जाऊ दे.

मेंदूला व्हिटॅमिन सी लागतं, असं सांगणाऱ्या तुला आलेल्या मेसेजमध्ये तथ्य नाही असं नाही. मेंदू व्हिटॅमिन सी अक्षरशः ओढून घेतो. एसव्हीसीटी-2 नावाचं प्रथिन ते रक्तातून आत नेतं, त्यामुळे मेंदूभोवतीच्या द्रवात ते रक्ताच्या तिप्पट-चौपट असतं आणि चेतापेशींत त्याहूनही कितीतरी जास्त. तिथे ऑक्सिजन भरपूर खर्च होतो, पेशींना इजा करणारे कण तयार होतात. ते कण निष्प्रभ करायला व्हिटॅमिन सी लागतं. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात मेंदूत साचणारं अ‍ॅमिलॉइड हे प्रथिन त्या कणांत भरच घालतं.

उंदीर व्हिटॅमिन सी स्वतः तयार करतो. आपल्याला ते जमत नाही, त्यासाठीचं गुलो हे जनुक माणसात निकामी आहे. म्हणून कोरियातल्या शास्त्रज्ञांनी गुलो बंद केलेले आणि शिवाय अल्झायमरसारखी विकृती होणारे उंदीर घेतले. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पाण्यातून जास्त मात्रा मिळालेल्या उंदरांच्या मेंदूत अ‍ॅमिलॉइडच्या गाठी कमी आढळल्या. दुसऱ्या एका प्रयोगात उंदरांतलं एसव्हीसीटी-2 कमी केलं, तर उलट घडलं: मेंदूत व्हिटॅमिन सी कमी, अ‍ॅमिलॉइड जास्त.

आता माणसांचं बघ. 2012 साली अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांना 16 आठवडे रोज 500 मिलिग्रॅम सी, 800 युनिट व्हिटॅमिन ई आणि लिपॉइक अ‍ॅसिड हे तशाच कामाचं द्रव्य एकत्र दिलं. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, तर ऑक्सिडेशनची, म्हणजे त्या कणांनी केलेल्या इजेची, खूण कमी झाली होती. अ‍ॅमिलॉइड आणि टाऊ हे या आजारातलं दुसरं प्रथिन होते तिथेच होते. वर स्मरणचाचणीचे गुण गोळीवाल्या गटात जास्त वेगाने घसरले. तिन्ही एकत्र होती, त्यामुळे दोष एकट्या सीला देता येत नाही. पण हे औषध म्हणून चालतं, असंही म्हणता येत नाही. माझ्या मते यातून घ्यायचं ते एवढंच, की कमतरता राहू द्यायची नाही.

आणि जास्त घेऊन ते मेंदूपर्यंत पोचतही नाही. रोज 200 ते 400 मिलिग्रॅमच्या पुढे रक्तातली पातळी फारशी वाढत नाही. हजाराच्या वर तर निम्म्याहून कमी शोषलं जातं. काही भाग ऑक्झलेट होऊन मूत्रपिंडात जातो, म्हणून मुतखडा होऊन गेलेल्यांनी ही गोळी टाळावी. मोठ्या डोसने काही ग्लुकोमीटरवर साखर खोटी जास्त दिसते, तेही लक्षात असू दे.

बायकांना दिवसाची गरज 65 मिलिग्रॅमची. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे 200 असतं, म्हणजे अर्धा पेरू पुरे. विहीणबाईंना दातांची कवळी असेल तर मधला बियांचा गर काढून टाक, सालीसकट कडेच्या पातळ फोडी दे. पेरू नसेल तेव्हा आवळा किसून, मीठ लावून लगेच वाढ. मोरावळ्यावर भिस्त ठेवू नकोस, शिजताना बरंच जातं. लिंबाला लोक उगाच मोठं करतात. एका लिंबाच्या रसात जेमतेम 10-15 मिलिग्रॅम निघतं. पिळायचं ते गॅस बंद केल्यावर. सरबत तांब्याच्या भांड्यात ठेवायचं नाही, तांब्यामुळे व्हिटॅमिन सी झपाट्याने नासतं आणि आंबटाने तांबंही उतरतं. कोबी, ढोबळी मिरची आधी धू, मग चीर. चिरून पाण्यात घातलीस तर पाण्याबरोबर बरंच मोरीत.

याहून महत्त्वाचं म्हणजे व्हिटॅमिन बी-12 आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासून घे. विहीणबाई शाकाहारी आहेत, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-12 आणखी खाली जातं. त्याच्या कमतरतेनेही विसरायला होतं, आणि वेळेवर सापडली तर ती भरून निघते. डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटं ने. झोपेची किंवा सर्दीची गोळी अधूनमधून घेत असतील तर ती आधी दाखव. त्यातल्या काहींनी म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती मंदावते, आणि घरात ती औषधात कुणी मोजतच नाही.

तुझा,
बाबा