लूक १५ वरचा संदेश तयार करताना

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या संदेशासाठी तुझ्याकडे लूकच्या शुभवर्तमानातला १५:११-३२ हा उतारा आहे, आणि ‘उधळ्या पुत्रावर आता नवीन काय बोलू?’ असं तू विचारलंस. नवीन काही बोलू नकोस. धाकटा मुलगा आपला वाटा उधळतो, उपाशीपोटी डुकरांच्या शेंगांवर नजर ठेवतो, मग घरी परततो; बाप त्याला जवळ घेतो आणि थोरला रुसून बाहेर राहतो. चर्चच्या मंडळीला ही गोष्ट पाठ आहे, अडचण तीच आहे. पाठ झालेलं माणूस ऐकत नाही. म्हणून आधी तू ती नव्याने वाच.

सोमवारी टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडणारी पुस्तकं, उघडू नकोस. उतारा मोठ्याने पाच-सहा वेळा वाच, एकदा बायबल सोसायटीच्या भाषांतरातून, एकदा पंडिता रमाबाईंच्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून, साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत काम केलं. दोन्ही भाषांतरं जिथे वेगळी पडतात तिथे पेन्सिलीने खूण कर. मंगळवारचा अभ्यास त्या खुणांपासून सुरू होईल. आणि ११व्या वचनापासून सुरुवात करायची म्हणून अध्यायाची पहिली दोन वचनं सोडू नकोस. येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे यहुदी, कुरकुर करताहेत, आणि गोष्ट त्यांना सांगितलेली आहे.

आता जरा जवळून बघ. १८ आणि १९ या वचनांत धाकटा वाटेत बोलायचं ठरवतो: मी पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मोलकऱ्यासारखं ठेवा. २१व्या वचनात तो पहिल्या दोन गोष्टी बोलतो. तिसरी तोंडातून निघायच्या आत बाप झगा आणायला सांगतो. काही जुन्या हस्तलिखितांत ते तिसरं वाक्य २१व्या वचनातही आहे, तेव्हा यावर सगळा डोलारा उभारू नकोस. निरीक्षण म्हणून सांग आणि पुढे जा. भक्कम जागा पुढे आहे. ३०व्या वचनात थोरला म्हणतो ‘हा तुमचा मुलगा’. ३२व्यात बाप उत्तर देतो ‘हा तुझा भाऊ’. थोरल्याने तोडलेलं नातं बाप एका शब्दात परत जोडतो. शिवाय बाप दोनदा घराबाहेर येतो, २०व्या वचनात धावत आणि २८व्यात समजूत घालायला.

बुधवारी रात्रीपर्यंत संदेशाचं एक वाक्य वहीत उतरलं पाहिजे, दहा-बारा शब्दांच्या आतलं. इथे ते असं होईल: बाप दोन्ही मुलांसाठी घराबाहेर येतो. या वाक्याला जे टेकत नाही ते काढून टाक. हरवलेलं मेंढरू आणि नाणं याच अध्यायात आहेत, तरी त्यांना एकच वाक्य दे. डुकरांच्या शेंगांवर तर दहा मिनिटं सहज जातात, कारण धाकट्याच्या पापावर बोलणं सोपं असतं आणि मागच्या बाकावरच्या तरुणांना झापताही येतं. तो मोह टाळ.

गुरुवारी लिहायला बस, पण कानासाठी लिही. सावकाश बोललीस तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. वीस मिनिटांसाठी अठराशे शब्द पुरतात, उरलेला वेळ थांबण्यात जातो. घड्याळ लावून उभं राहून वाच. बसून वाचलेलं नेहमी लवकर संपतं. दुसरीकडची वचनं दोनपेक्षा जास्त उघडायला लावू नकोस. संदर्भ दोनदा सांग, पुस्तक, मग अध्याय, मग वचन, आणि पानांची सळसळ थांबेपर्यंत गप्प राहा.

उदाहरण जवळचं हवं. थोरल्याचा राग आपल्याकडे सातबाऱ्यावरच्या नावांवरून, वाटण्यांवरून लगेच कळतो. पण मंडळीतले दोन भाऊ खरोखर कोर्टात असतील तर हे उदाहरण सोड. सगळ्या माना त्या बाकाकडे वळतील. त्यांच्या घरी जायचं असेल तर जा, व्यासपीठावरून नाही. आणि कोणी एकांतात सांगितलेली गोष्ट नाव बदलूनही संदेशात आणायची नाही. साठ घरांच्या मंडळीत नाव बदलून काही लपत नाही.

कागद एका बाजूने छापलेले, अक्षर सोळा पॉइंट, पानांना मोठे आकडे, पिन मारायची नाही. पंखा डोक्यावर असतो, म्हणून पानं वहीच्या कव्हरात घाल. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ कर. ‘तयारीला वेळ मिळाला नाही’ अशी सुरुवात नको. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. माइक तोंडापासून वीतभर लांब, आणि मान वळवलीस तर त्याच्यासकट वळ. सगळ्यांत मोठी चूक वाक्याच्या शेवटी होते. मराठीत क्रियापद आणि ‘नाही’ शेवटी येतं, आणि नेमका तिथेच आवाज पडतो. ‘बापाने त्याला हाकललं नाही’ यातलं ‘नाही’ हवेत विरलं तर मागच्या बाकावर बापाने हाकललंच. शेवटचा शब्द पोचव.

‘शेवटी’ हा शब्द एकदाच. या उताऱ्यात थोरला घरात गेला की नाही ते लूक लिहीत नाही. तूही त्याला ओढत आत नेऊ नकोस, दारातच उभा ठेव. मग पाच-सहा सेकंद शांतता, नंतर गीत. पेटीवाल्याला आधी सांगून ठेव, नाहीतर तो त्या शांततेत सूर धरेल.

अंत्यविधीचं तू विचारलं होतंस: आठ मिनिटं, एकच वचन, आणि मृताचा निवाडा करायचा नाही, चांगलाही नाही. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथा तुझ्याकडे असेल तर मत्तय २७:४६ बरोबर स्तोत्र २२ पूर्ण वाच, आणि सहाव्याचं ‘पूर्ण झालं’ सहाव्या वक्त्यासाठी राहू दे. सात जणांनी सातही उद्गार सांगितले की तीन तास संपता संपत नाहीत.

शनिवारी संध्याकाळनंतर सुचलेला मुद्दा पुढच्या वेळेच्या वहीत जातो. मसुदा गुरुवारी रात्री पाठव, मी शुक्रवारी सकाळी खुणा करून परत पाठवतो. आई म्हणते, घशासाठी कोमट पाणी व्यासपीठावर ठेव, बर्फाचं नको.

तुझा,
पप्पा