दोघांच्या ‘तयार’ कॅम्पिंग संचाबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: तंबूची गळकी शिवण, फुटलेला पोल, न जुळणाऱ्या स्लीपिंग बॅगा आणि चुकीचा गॅस डबा; तंबूचे पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

शनिवार-रविवारच्या कॅम्पिंगला जाताना वाट वाकडी करून आम्ही आपल्या दालनातून दोन व्यक्तींचा ‘तयार संच’ घेतला. त्यात दुपदरी डोम तंबू, दोन मॅट, दोन स्लीपिंग बॅगा आणि गॅसची शेगडी आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे: ‘काढा, लावा, झोपा’. वाटेत थांबून सामान घेणारा माणूस याच तीन शब्दांवर विसंबतो. घरी नेऊन तंबू लावून बघायला, शिवणी तपासायला त्याच्याकडे वेळ नसतो, म्हणूनच तर तो तयार संच घेतो. हा संच दोन रात्री वापरून आणि नंतर घरी प्रत्येक भाग मोजून-तपासून आम्ही हे पत्र लिहीत आहोत. पावतीची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार गळतीची आहे. पहिल्या रात्री पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात तंबूत पाणी टपकू लागले. आपल्या कॉल सेंटरला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, ‘ते पाणी पावसाचे नाही, श्वासाची वाफ थंड कापडावर दव होऊन साचते, व्हेंट (हवा खेळण्याच्या खिडक्या) उघडे ठेवा.’ हे उत्तर बहुतेक वेळा खरे असते हे आम्हाला माहीत आहे. बंद तंबूत दोन माणसे झोपली की फ्लायच्या, म्हणजे तंबूच्या बाहेरच्या पदराच्या, आतल्या बाजूला दव धरतेच. पण दव आणि गळती ओळखणे अवघड नाही. दव फ्लायच्या आतून सगळीकडे सारखे पसरते, बारीक मण्यांसारखे. हात फिरवला की पुसले जाते आणि हळूहळू पुन्हा धरते. गळती एकाच रेषेत असते, शिवणीखाली, आणि पुसल्यावर थेंब पुन्हा त्याच ठिकाणी येतो. आमच्याकडे थेंब चार ठिकाणी येत होते आणि चारही ठिकाणे ताणदोऱ्या (फ्लाय बाहेरून ताणून धरणाऱ्या दोऱ्या) बांधायच्या पट्ट्यांच्या बरोबर खाली होती. दोन्ही व्हेंट रात्रभर उघडे होते.

पायाकडच्या बाजूची ओल मात्र शिवणीची नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तिचे कारण वेगळे आहे आणि तेही तुमच्याच मापांत आहे. तंबूची जमीन डोक्याकडे १३० सेंमी आणि पायाकडे ११० सेंमी रुंद आहे. संचातली प्रत्येक मॅट ६५ सेंमी रुंद, आणि तिचे दोन्ही टोक सारखेच चौकोनी. डोक्याकडे दोन्ही मॅट मिळून १३० सेंमी होतात, म्हणजे कडेला बोटभरही जागा राहत नाही. पायाकडे २० सेंमी कमी पडतात. मग मॅटची कड आतल्या पदराला बाहेर ढकलते, तो पदर ओल्या फ्लायला टेकतो आणि फ्लायवरचे दव सरळ स्लीपिंग बॅगेच्या पायथ्यात उतरते. दुपदरी तंबूचा सारा उपयोग दोन पदर वेगळे राहण्यात आहे. एकाच खोक्यातल्या दोन वस्तू एकमेकींना मापाने बसतात का, हे टेपने मोजायला एक मिनिट लागते.

आता शिवणीकडे परत येतो. घरी आल्यावर फ्लाय बाहेरची बाजू वर ठेवून चार खुर्च्यांवर सैल बांधला. खाली कोरडे टिश्यू कागद अंथरले आणि कापडात खळगा करून त्यात अर्धा लिटर पाणी ओतले. नुसत्या कापडावर अर्धा तास पाणी ठेवले, कागद कोरडा राहिला. कापडाबद्दल आमची तक्रार नाही. जलरोधकतेचा २००० मिमी हा आकडा कापडापुरता खरा असेल. त्याचा अर्थ कापडाचा तुकडा दोन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब पेलतो. पण ही चाचणी कापडाच्या तुकड्यावर होते, शिवणीवर नव्हे. ताणदोरीच्या पट्टीवर तेवढेच पाणी ठेवले तेव्हा चौथ्या मिनिटाला कागदावर डाग उमटला. दहा मिनिटांत कागद भिजला. चारही पट्ट्यांचा निकाल थोड्याफार फरकाने हाच.

कारण भिंग घेतले की दिसते. पट्टीच्या मागे मजबुतीसाठी कापडाचा त्रिकोणी तुकडा आहे आणि तो दोन समांतर शिलाया मारून शिवला आहे. शिवणीची भोके झाकायला आतून लावलेली टेप २० मिमी रुंद आहे आणि ती मुख्य शिवणीच्या मधोमध बसवली आहे. त्यामुळे पहिली शिलाई टेपखाली झाकली जाते, दुसरी टेपच्या कडेपासून ६ मिमी बाहेर उघडी राहते. फ्लाय उजेडासमोर धरला तर त्या शिलाईची भोके एका ओळीत चमकतात, जणू सुईने टोचून मांडलेले ठिपके. दोरी ताणली की प्रत्येक गोल भोक लांबट होते आणि धाग्याभोवती फट पडते. म्हणजे वापरणाऱ्याची दोन्हीकडून अडचण: दोरी ताणली तर तंबू गळतो, सैल सोडली तर फ्लाय पोटाला झोळ धरून आतल्या पदराला चिकटतो. वाऱ्या-पावसात तर दोरी ताणावीच लागते.

खोक्यावर ‘सर्व शिवणी पूर्ण टेप केलेल्या’ असे छापले आहे. आतल्या माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर, तळाला, बारीक अक्षरांत मात्र सूचना आहे: ‘पहिल्या वापरापूर्वी ताणबिंदूंच्या शिवणी सीलंटने बंद कराव्यात.’ ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. सीलंटची, म्हणजे शिवणीची भोके बुजवणाऱ्या चिकट द्रवाची, नळी संचात नाही. ती कोणत्या प्रकारची घ्यावी हेही लिहिलेले नाही, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या कापडाला त्याच जातीचे सीलंट लागते. सिलिकॉनचा लेप असेल तर सिलिकॉनचेच. उलटसुलट लावले तर ते वाळल्यावर सालीसारखे सुटून येते. शिवाय सीलंट वाळायला काही तास कोरडी, मोकळी जागा हवी. संध्याकाळी वाटेत संच घेऊन अंधार पडायच्या आत तंबू लावणाऱ्याने हे कधी करायचे? ‘काढा, लावा, झोपा’ यात शिवणी सील करण्याची पायरी कुठे बसते, ते कृपया सांगावे.

दुसरी तक्रार पोलची. फायबरग्लासचे ८.५ मिमी जाडीचे दोन पोल आहेत, प्रत्येकाचे सात तुकडे, म्हणजे दोन्हींत मिळून बारा सांधे. शनिवारी सकाळी तंबू उचलून थोड्या उंच जागेवर लावताना एका पोलचा तिसरा सांधा उभा चिरला. फायबरग्लासचे पोल फुटतात तेव्हा चूक बहुतेकदा वापरणाऱ्याची असते, हे मान्य आहे. इलॅस्टिकच्या ओढीने तुकडे आपोआप जुळतात असे समजून पोल हवेत झटकला, की एखादा सांधा अर्धवट बसतो आणि वाकवल्यावर सगळा भार सांध्यातल्या धातूच्या नळीच्या ओठावर येतो. म्हणूनच आम्ही प्रत्येक तुकडा हाताने शेवटपर्यंत दाबून बसवला होता. नंतर सगळे सांधे उघडून मोजले. अकरा सांध्यांत तुकडा धातूच्या नळीत ४० मिमी आत जातो. फुटलेल्या सांध्यात तो २२ मिमीच जातो, कारण नळी दुसऱ्या बाजूच्या तुकड्यावर जास्त आत सरकवून चिकटवली आहे. फुटलेल्या तुकड्यावर नळीच्या कडेचा घासलेला पट्टा बरोबर २२ मिमीवर दिसतो (फोटो क्रमांक ५). म्हणजे तुकडा पूर्ण बसला होता, बसायला जागाच अपुरी होती. हा कारखान्यातला दोष आहे.

चिरलेल्या फायबरग्लासचे तंतू कुसळासारखे बोटात शिरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. तुमच्या पत्रकात याबद्दल अवाक्षर नाही. फुटका पोल उघड्या हाताने धरू नये, आधी त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी, एवढी एक ओळ तरी छापावी.

अशा वेळी फुटलेल्या जागेवर सरकवायची धातूची दुरुस्ती नळी संचात असायला हवी. खोक्यावरच्या यादीत ती आहे, पिशवीत नव्हती. तिच्यासाठी पुन्हा वाट वाकडी करून तुमच्या दुसऱ्या दालनात जावे लागले आणि शनिवारचा अर्धा दिवस त्यात गेला. तिथे मिळालेली नळी ११ मिमी पोलची होती. ती ८.५ मिमीच्या पोलवर खडखडते. दोन्ही टोकांना कापडी टेपचे चार-चार वेढे देऊन कशीबशी बसवावी लागली.

स्लीपिंग बॅगांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘०° से.’ आहे. आत शिवलेल्या लेबलावर पूर्ण आकडे आहेत: कम्फर्ट ५°, लिमिट ०°, एक्स्ट्रीम उणे १४°. आयएसओ २३५३७ या मानकात कम्फर्ट हा आकडा आरामात पडून राहिलेल्या सर्वसाधारण स्त्रीसाठी असतो; लिमिट अंग आकसून झोपलेल्या सर्वसाधारण पुरुषासाठी. एक्स्ट्रीम हा झोपेचा आकडा नव्हेच, तो जीव वाचण्याचा आहे. जोडप्यासाठी विकल्या जाणाऱ्या संचावर फक्त लिमिट छापणे म्हणजे दोघांपैकी एकाला थंडीत कुडकुडत ठेवणे. वर कम्फर्टचा आकडा छापा, तोही तितक्याच मोठ्या अक्षरांत.

याच बॅगा ‘चेन जोडून दोघांसाठी एक’ अशा विकल्या आहेत. टोपीवाल्या बॅगा जोडायच्या तर एकीची चेन डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे हवी. आमच्या संचात दोन्ही उजव्या निघाल्या. एक पालथी घालून जोडली तर तिची टोपी तोंडावर येते. लेबलावर बाजूचे अक्षर छापलेले असते, संच भरताना ते बघितले की ही चूक टळते.

गॅसच्या डब्याबद्दल थोडक्यात पण निक्षून सांगतो. शेगडी आट्यांच्या व्हॉल्व्हची आहे. दालनातल्या कर्मचाऱ्याने दिलेला डबा भोक पाडून बसवायच्या प्रकारचा होता. हे दोन प्रकार एकमेकांना बसत नाहीत, आणि कोणी जोर करून बसवायला गेले तर गॅस गळून भडका उडू शकतो. आम्ही तो वापरला नाही, सीलबंद परत केला. शेगडीच्या खोक्यावर योग्य डब्याचे चित्र छापा आणि बिल करताना दोन्ही वस्तू समोरासमोर ठेवून बघायला कर्मचाऱ्यांना सांगा.

तंबूची जमीन, चेन आणि मेखा चांगल्या आहेत. गुडघे टेकून दाबले तरी जमिनीतून पाणी वर आले नाही. म्हणूनच वाटते की कापड निवडणाऱ्यांनी काम नीट केले आहे, शिवणारे आणि संच भरणारे चुकले आहेत.

आमची मागणी अशी. तंबूची पूर्ण रक्कम परत मिळावी. बदली तंबू नको, कारण टेपची रुंदी आणि शिलाईची जागा हा आखणीतला दोष आहे आणि बदली तंबूतही तो असणारच. एक स्लीपिंग बॅग डाव्या चेनच्या बॅगेशी बदलून मिळावी. दुरुस्ती नळीची किंमत परत मिळावी. आणि ‘सर्व शिवणी पूर्ण टेप केलेल्या’ हे वाक्य, दुसरी शिलाई टेपखाली येईपर्यंत, खोक्यावरून काढावे. या शेवटच्या मुद्द्यावर आम्हाला लेखी उत्तर हवे आहे. तंबू आणि फुटलेला पोल जसाच्या तसा ठेवला आहे. आपला तंत्रज्ञ येऊन बघू शकतो, किंवा वाहतूक खर्च आपण उचलत असाल तर आम्ही पाठवू.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास आम्ही ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जाऊ. आणि पुन्हा ‘ते दव आहे’ असे उत्तर देण्याआधी आपल्याकडचा याच प्रकारचा एखादा फ्लाय खिडकीच्या उजेडासमोर धरून ताणदोरीच्या पट्टीची दुसरी शिलाई स्वतः बघावी, ही विनंती.

कळावे,
आपले ग्राहक
(दोघांच्या सह्या)