लेकराचं नाव कुठल्या कार्डावर चढवू?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांच्या गावातली आशा स्वयंसेविका. घरोघर फिरून आयुष्मान कार्डं काढायचं कामही आमच्याकडे असतं, म्हणून लिहिते.

2024 पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना सगळ्या रेशन कार्डांना लागू झाली, पांढऱ्यालासुद्धा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. चांगलंच झालं. पण दवाखान्यात रेशन कार्डावरचं नाव बघतात, आणि आमच्याकडे आजा-आजीची नावं आहेत, नातवंडांची नाहीत.

याचं मूळ सुनेच्या माहेरात आहे. तिचं नाव तिकडच्या कार्डावर असतं. ते कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरी चढत नाही. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात. दोन हेलपाटे, म्हणजे दोघांची दोन दिवसांची मजुरी गेली. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन जोडपं कारखान्याला जातं, ते पाडव्याच्या सुमाराला परततं. आईचंच नाव अधांतरी, तर लेकराचं कोण चढवणार? ऑनलाइन करा म्हणतात. ओटीपी येतो तो फोन उसाच्या फडात, आणि कोयता धरून घासलेला अंगठा मशीनवर उमटत नाही.

बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. गेल्या खेपेला डॉक्टरांना तीन वर्षांच्या एका पोरीच्या छातीत वेगळा आवाज लागला. हृदयाला छिद्र निघालं. आजार सरकारनेच शोधला, पण ऑपरेशनच्या वेळी कार्डावर नाव नाही. दवाखान्यात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र भला माणूस, तरी संगणकापुढे त्याचंही चालेना. तारीख पुढे गेली आणि आई पोरीला कडेवर घेऊन तालुक्याला चकरा मारत राहिली. ऑपरेशन झालं शेवटी, पण त्या दिवसांत तिच्या घरासमोरून जाताना मला मान वर करवत नव्हती.

साहेब, बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. आई घरी निघायच्या आतच बाळाचं नाव बापाच्या कार्डावर चढवा. आईचं कुठेही असो. रेशनचं खातं तुमचं नाही, ठाऊक आहे. पण त्या खात्याचे मंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीला तुमच्या शेजारीच बसत असतील की!

माझ्या वहीत अशी 19 लेकरं आहेत. दसऱ्याच्या आत आदेश निघाला तर त्यांचे आईबाप गावातच सापडतील.

आपली,
एक आशा स्वयंसेविका