टच पॅनेलची इंडक्शन शेगडी बदलून मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी खानापूरला राहते. पूर्ण अंध आहे आणि घरचा स्वयंपाक मीच करते. दिवाळीत बेळगावच्या खडेबाजारातून तुमच्या कंपनीची इंडक्शन शेगडी घेतली. आधीची दाबायच्या बटणांची होती, ती जळाली. आता टचच्याच येतात, असं दुकानदार म्हणाला.

काच गुळगुळीत आहे, कळ कुठे ते बोटाला लागत नाही, ही झाली अर्धी अडचण. आम्ही कळ आधी चाचपतो आणि मग दाबतो. तुमच्या काचेला चाचपणं आणि दाबणं एकच. बंद करायची कळ शोधायला बोट फिरवावं तर वाटेत आच वाढते आणि दूध उतू जातं. सुनेने कळींवर टिकल्या चिकटवून दिल्या. पण टिकली बोटाला लागते तोवर कळ चालू झालेली असते!

आवाजाचंही तसंच. आच वाढवली की 'टीं', कमी केली की 'टीं', भांडं उचललं तरी 'टीं'. बंद केल्यावरही आतला पंखा काही वेळ घरघरत राहतो. तो आतले भाग निवायला असतो हे ठाऊक आहे, पण मग शेगडी चालू की बंद हे कानाने ओळखायचं कसं? तुमच्या हेल्पलाइनवर विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, लाल आकडा बघा." अंध असल्याचं मी आधीच सांगितलं होतं.

हाताने ओळखता येईल अशी वस्तू बनवणं जमत नाही असं नाही. कंडक्टरने दिलेलं वीसचं नाणं मी बारा कोपऱ्यांवरून ओळखते, शंभराच्या नोटेवरचा उठावदार त्रिकोण नोट फार मळली नसेल तर लागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 43 मध्ये सर्वांना वापरता येतील अशा रोजच्या वस्तूंना चालना द्यायचं सरकारवर सोपवलं आहे. तुम्ही निदान कळीभोवती उंच कडा द्या, थोडा वेळ दाबून धरल्यावरच कळ चालू होऊ द्या, आणि आच वाढताना चढा, कमी होताना उतरता सूर ठेवा.

मला मात्र आत्ता दाबायच्या बटणांची शेगडी बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती राहत्या जिल्ह्यात करता येते.

उत्तर टाइप करून पाठवा, माझा फोन ते वाचून दाखवतो. मागच्या वेळी तुम्ही पत्राचा फोटो पाठवला होता.

आपली ग्राहक,
खानापूर, जि. बेळगाव